झाडावर शिजलेली वांगी

माझ्या सासूबाईंची वांगी मी झाडावरच शिजवली. चूल नाही, तेल नाही, मीठ नाही. नुसत्या कापलेल्या गवतावर. यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. देठाजवळ बोट दाबलं तर वांग्यात खड्डा पडत होता, आणि झाडाच्या बुडाशी हात घातला तर चटका बसत होता. माझं वय तेव्हा एकवीस, शिक्षण बी.ए., आणि अंगात रग अशी, की कुणी विचारलेलं नसताना सांगत सुटायची, "मी शेतकऱ्याची मुलगी आहे हो, मला यातलं सगळं कळतं."

कळत काय होतं, कपाळ! माहेर राधानगरीकडचं, वडिलांची शेती होती हे खरं. पण माझं शेतात जाणं म्हणजे भुईमुगाच्या शेंगा खायला नाहीतर गुऱ्हाळावर गरम काकवी चाटायला. पायाला चिखल लागला तर बांधावर उभी राहून भावाला हाका मारायची, पाणी आण म्हणून. अशी ही शेतकऱ्याची मुलगी लग्न होऊन कोल्हापुरात आली. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. उचगावकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा नवे प्लॉट पडले होते, त्यातल्या एकावर आमचा बंगला. बंगला म्हणायचं ते मामांच्या आग्रहाखातर. तीन खोल्या आणि एक व्हरांडा. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत, तशीच इथं लिहिते.

मामा कचेरीतून निवृत्त झालेले. उभी नोकरी त्यांनी ज्या खिडकीशी काढली, त्या खिडकीतून मोठ्या साहेबांची हिरवळ दिसायची. आपलंही घर झालं की पुढे अशीच हिरवळ करायची, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं. घर बांधलं, भिंतींना रंग द्यायच्या आधी लॉन लावली. जुन्या सामानाच्या लिलावातून गवत कापायचं यंत्र आणलं. दोन चाकं, मध्ये गोल फिरणारी पाती, आणि हातानं ढकलायला लांब दांडा. मामा स्वतःच्या डोक्याला लावत नसतील इतकं तेल त्या यंत्राला घालायचे.

आणि लॉन कसली, तर हरळीची! आत्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, शिरोळकडच्या. तिकडे हरळी म्हणजे रानातला दुष्मन. एक काशी, म्हणजे तिचं जमिनीतून पळणारं मूळ, मागे राहिलं तर पुढच्या वर्षी सगळं रान तिचं.

"जलम गेला माजा हरळी उपटण्यात," आत्या येईल त्याला ऐकवायच्या. "आन् म्हातारपणी ह्यांनी ती पैसं देऊन आणली! वर तिला पाणी घालत्यात!"

"तिला हरळी म्हणायचं नाही. लॉन म्हणायचं," मामा व्हरांड्यातून.

"लॉन म्हटलं म्हंजे काश्या सोडायची थांबणार व्हय ती?"

असा करार झाला होता, की पुढची जमीन मामांची आणि मागची आत्यांची. मागे मोरीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक लांबट पट्टा होता. त्यात आत्यांची कोथिंबीर, मेथी, दोन मिरच्या आणि त्या पावसाळ्यात डझनभर वांग्यांची झाडं.

ही वांगी साधी नव्हती. आत्यांच्या आईच्या घरामागच्या परड्यातली होती. पांढुरकी हिरवी, अंगावर जांभळ्या रेघा, देठाला असे काटे की तोडताना एक तरी शिवी तोंडातून जायचीच. आई गेली, भावानं परडं मोडून तिथवर ऊस आणला, आणि ते वाण तिकडून संपलं. आत्यांकडे एका चिंधीत चिमूटभर बी उरलं होतं. बी जुनं झालं की उगवत नाही, म्हणून त्या वर्षी त्यांनी चिंधी झटकून होतं नव्हतं ते सगळं लावलं होतं. फळ पिकवून त्याचं बी धरलं तर वाण राहणार, नाहीतर त्यांच्या आईच्या परड्यातलं जगात काही उरणार नाही. हे मला त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा मान हलवली होती. मान हलवण्यात मी फार हुशार.

गणपती उठले आणि आत्या मलकापूरला माझ्या नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना मोरीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "पानी बघून घाल. आन् धरलेलं वांगं एक बी तोडू नगंस. पैलं बियाला ठेवायचं हाय."

"तुम्ही काळजीच करू नका आत्या. मी शेतकऱ्याची मुलगी आहे."

"व्हय की," त्या म्हणाल्या. त्या 'व्हय की'चा अर्थ मला पुढे कळला.

त्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली आणि मामांनी सगळी लॉन एकदम कापली. पावसाळ्यात हरळी काय वाढते म्हणता! यंत्राच्या मागे हिरव्या चुऱ्याचे ढीगच्या ढीग. पूर्वी ते गवत आमच्या गवळ्याला द्यायचो. कोल्हापुरात तेव्हा गवळी म्हैस घेऊन दारात यायचा आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचा. त्याच्या म्हशीनं एकदा आमचं गवत हुंगलं आणि तोंड फिरवून ती चक्क भिंतीवरची कागदी जाहिरात खायला लागली. गवळी हसत म्हणाला, "साहेब, म्हस म्हणतीया, ह्या गवताला मोटारीचा वास येतोय." मामांच्या तेलाचा प्रताप. तेव्हापासून गवत भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटात पडायचं.

ते ढीग बघून माझ्यातली शेतकऱ्याची मुलगी जागी झाली. वडिलांच्या उसात मी पाहिलं होतं, ऊस तुटला की वाळलेला पाला, ज्याला पाचट म्हणतात, ते सऱ्यांमधून जाड पसरून ठेवतात. त्यानं ओल टिकते, तण येत नाही, आणि कुजून खतही होतं. एवढं मला बरोबर आठवत होतं. फक्त पाचट कडकडीत वाळलेलं असतं आणि माझ्यासमोरचं गवत ओलंचिंब हिरवंगार आहे, हा किरकोळ फरक बी.ए.च्या डोक्यात आला नाही. गवत ते गवत.

पदर खोचून मी घमेल्यांवर घमेली वाहिली. प्रत्येक वांग्याच्या बुडाशी गुडघ्याएवढा ढीग केला. खोडाला अगदी चिकटून, हातानं थापून थापून, लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसं. वर पाणीही मारलं, बसावं म्हणून. मोरीच्या टोकाला धुण्याचा दगड होता, त्याच्या शेजारच्या शेवटच्या झाडापर्यंत येईतो माझी कंबर मोडली. त्याला नुसतं एक ओंजळभर गवत लांबूनच टाकलं आणि चहा प्यायला गेले.

संध्याकाळी शाळेतून आलेल्या यजमानांना हात धरून मागे नेलं. ते मास्तर, झाडांशी त्यांचा संबंध छडीपुरता. बघून म्हणाले, "वा. उद्या त्यांना उशाही दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगांतून वाफा निघत होत्या. मी हात घालून पाहिला तर छान ऊब. मला इतका आनंद झाला! म्हटलं, थंडीवाऱ्यात झाडांना ऊब मिळतेय. पुढे पानं माना टाकायला लागली तेव्हा तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी घातलं. आंबूस वास यायला लागला तेव्हा मोरी तुंबली असेल म्हणून मोरी घासली. एवढी घासली की मोरी तिच्या जन्मात तेवढी स्वच्छ झाली नसेल. सगळं काही केलं, फक्त गवत बाजूला केलं नाही.

आत्या परत आल्या त्या पिशवी हातात घेऊनच मागे गेल्या. मी मागोमाग, कौतुक ऐकायला. त्यांनी पिशवी खाली ठेवली. वाकल्या. एका ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन काढला.

"अगं ए, चा ठेवायचा व्हय ग ह्यावर?"

मग त्यांनी तो ढीग दोन्ही हातांनी ओढला. आतून काळपट चिकट लगदा निघाला आणि त्याच्यासोबत खोडाची सालही. खाली पांढरं लाकूड. दुसरं झाड, तेच. तिसरं, तेच. वांगी देठातून गळून लोंबत होती, उकडल्यासारखी. आत्यांचा आवाज तीन घरं ऐकू जाणारा. मी मनाशी तयारी केली होती, आता गल्ली गोळा होणार. पण त्या गप्प झाल्या. एकेक झाड बघत पुढे सरकत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या गप्प बसल्यामुळे मला रडायचीही सोय उरली नाही.

धुण्याच्या दगडापाशी त्या थांबल्या. ते शेवटचं झाड कोमेजलेलं होतं, पण त्याची साल शाबूत होती. आत्यांनी नखानं खोड जरासं खरवडलं. आत हिरवं.

"ह्याला का न्हाई घातलं?"

"दमले होते," मी म्हटलं.

आत्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला असं मला वाटलं, पण ते मी आजवर कुणाला शपथेवर सांगितलेलं नाही. माझ्या कष्टानं एवढी झाडं मेली आणि माझ्या आळसानं एक वाचलं. पुढे आयुष्यात कुणी मला आळशी म्हटलं की मी हे झाड मनात काढते.

आत्यांनी विळा आणून ते झाड वीतभर ठेवून वरून कापलं. मी किंचाळलेच. होतं तेही कापलं!

"वरडू नगंस. उसाचा खोडवा ठेवत्यात तुज्या बापाच्या रानात? तोडल्यावर बुडातनं फुटतोय न्हवं? हे बी फुटंल. फुटलं तर फुटलं." शेवटचे शब्द त्या माझ्याशी नाही, झाडाशी बोलल्या.

राहिला प्रश्न त्या लगद्याचा. मामा म्हणाले, भिंतीपलीकडे फेका. आत्या म्हणाल्या, "फेकायचं न्हाई. ज्यानं खाल्लं त्यालाच आता खायाला घालाय लावायचं. मागं खड्डा काढा."

"खड्डा? बंगल्यात उकिरडा?" मामांचा चष्मा नाकावरून घसरला. "लोक काय म्हणतील? मुळीच नाही."

सासऱ्यांपुढे तोंड उघडायची माझी ती पहिलीच वेळ. पण अपराधी माणूस धीट होतो. मी खाली मान घालून म्हटलं, "मामा, उकिरडा नाही म्हणायचं. मोठ्या साहेबांच्या बंगल्यामागेसुद्धा असतो. त्याला कंपोस्ट म्हणतात. ज्यांच्याकडे लॉन असते ना, त्यांच्याकडेच असतं ते."

साहेबांच्या बंगल्यामागे काय असतं मला काय ठाऊक? मी त्या बंगल्याचा दरवाजाही पाहिला नव्हता. पण मामांनी चष्मा सारखा केला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पहार घेऊन खड्डा आखायला आले. चारी बाजू सारख्या हव्यात म्हणून दोरी लावून! आत्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. हसायला गेल्या हे मला भांड्यांच्या आवाजावरून कळलं.

माझ्या चुका तिथं संपल्या असं वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. खड्ड्यात मी गवतच गवत भरलं. आठवड्यात असा वास सुटला की मामांना भेटायला आलेले गृहस्थ लॉनवरची खुर्ची उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन बसले. आत्या म्हणाल्या, "नुसतं हिरवं घातलं की चिकाट हुतंय, नुसतं वाळलेलं घातलं की तसंच ऱ्हातंय. दोनी पायजे." मग मी सगळं उपसून पुन्हा भरलं. एक थर गवताचा, त्यावर दोन थर वाळल्या पाल्याचे, वर बंबातली थोडी राख आणि शेणाचं पाणी. वाळला पाला समोरच्या चिंचेखालून झाडून आणायचा. शेणाचं काय? ते गवळ्याची म्हैस रोज सकाळी दारात टाकून जायची. आमचं गवत नाकारणाऱ्या त्या शहाणीनं शेण द्यायला मात्र कधी नाही म्हटलं नाही. पण त्यावर शेजारणीचाही डोळा असायचा, तिला गोवऱ्या लागत. त्यामुळे चरवी खाली ठेवून बी.ए. झालेली सून रस्त्यावर धावते आहे आणि पलीकडून शेजारीण धावते आहे, असा सामना रोज सकाळी व्हायचा. गवळी म्हशीचं दावं धरून पंच. "सावकाश, वैनी, सावकाश! म्हस अजून संपली न्हाई!"

एकदा गवत उन्हात न वाळवता, घाईघाईनं कडेच्या काश्यांसकट टाकलं, तर दहा-बारा दिवसांनी खड्ड्यावर हिरवीगार हरळी उगवली. मामा खूष. "बघा, इथंही लॉन!" आत्यांनी माझ्या हातात खुरपं दिलं. काश्या वेचत बसले, दोन दुपारी. तेव्हापासून गवत आधी गच्चीवर पसरायचं, मुठीत घेतल्यावर कुरकुरलं पाहिजे, मगच खड्ड्यात. आजही माझी नातसून कुंड्यांसाठी खत करते तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या विचारते, "कुरकुरलं का ग?" तिला वाटतं मी पापडाबद्दल विचारते आहे.

खड्डा आतून तापला की नाही हे बघायला मामांची फिरायची काठी फार उपयोगी पडायची. खुपसून ठेवायची, थोड्या वेळानं काढून हातात धरायची. गरम लागली तर बरं चाललंय, वरखाली करून घ्यायचं. मामांना वाटायचं आपल्या हाताला अलीकडे कसला तरी वास येतो. ते वैद्याकडेही जाऊन आले.

आणि ते झाड? पहिले काही दिवस ते नुसतं खुंट होऊन उभं होतं. मी धुणं धुताना त्याच्याकडे न बघता बघायची. कपडे आपटताना पाण्याचा थेंब उडाला तरी वाटायचं, पुन्हा काही केलं की काय मी! मग एका सकाळी बुडाजवळ दाण्याएवढा जांभळट फुटवा दिसला. मी ओले हात घेऊन स्वयंपाकघरात धावले.

"आत्या! खोडवा फुटला!"

त्या परातीत भाकरी थापत होत्या. तशीच ठेवून त्या बाहेर आल्या. चुलीवरची भाकरी त्या दिवशी करपली आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

संक्रांतीला खड्डा उघडला. गवताचं नाव नव्हतं. काळं, भुसभुशीत, हातात घेतलं तर पावसानंतरच्या रानासारखा वास. मी घमेलं भरून निघाले होते तशीच झाडाकडे. आत्यांनी मनगट धरलं. "दोन मुठी. आन् खोडापास्नं लांब, हितं, गोल. त्याला खाऊ दे, त्याच्या उरावर बसू नगंस."

झाडानं फुलं धरली, आणि फुलांतून एक वांगं. एकच. रेघा, काटे, सगळं आईच्या परड्यातलं. मामा रोज काठी टेकत मागे यायचे, खाकरायचे. "भरलं वांगं केल्याला बरेच दिवस झाले, नाही?"

"हात लावून बघा," आत्या म्हणायच्या.

मी त्या वांग्यावर फाटक्या धोतराचा तुकडा बांधला, अळीसाठी आणि मामांसाठीही. ते फुगलं, पिवळं पडलं, सुरकुतलं. होळीच्या सुमाराला आत्यांनी तोडलं, चिरलं आणि गर पितळी वाडग्यातल्या पाण्यात कुस्करला. आम्ही दोघी वाडग्यावर वाकून बसलो. पोकळ बी वर तरंगतं, भरलेलं तळाला जातं. सगळंच तरंगत होतं. गर, साल, बी, एकत्र. आत्यांनी बोटानं पाणी हळूच ढवळलं आणि हात काढून घेतला. एक दाणा निघाला आणि तळाला गेला. मग दुसरा. मग ते इतके निघाले की वाडग्याचा तळ दिसेनासा झाला.

आत्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या की चुलीचा धूर झाला. त्या दिवशी चूल पेटलेली नव्हती. मी मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार, सांगितलंच आहे.

बी राख लावून सावलीत वाळवलं. वाळल्यावर आत्या जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या घेऊन बसल्या. मला वाटलं एक यंदा लावायला, एक पुढच्या वर्षाला. त्यांनी दोन्हींत सारखं बी घातलं, गाठी मारल्या, आणि एक माझ्या हातात ठेवून माझी बोटं मिटली.

"घे. निम्मं माजं, निम्मं तुजं. आन् ह्या बारीला शिजवायची ती चुलीवर शिजीव."